सिनेमात दिसणारे कम्प्युटरचे स्क्रीन कसे बनतात?

प्रश्न असा आहे: सिनेमातला हॅकर, पोलिसांची कंट्रोल रूम किंवा अंतराळयान, यांच्या कम्प्युटरवर जे दिसतं ते खरं सॉफ्टवेअर असतं का? नसेल तर ते कोण बनवतं, नटाच्या बोटांशी ते जुळतं कसं आणि आपल्या घरच्या कम्प्युटरपेक्षा इतकं वेगळं का दिसतं? शिवाय या कामात शिरायचं तर काय शिकावं? मी मुंबईत चित्रपट आणि वेब सिरीजसाठी हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक वेळा ते खरं सॉफ्टवेअर नसतं. ग्राफिक डिझायनरने काढलेली आणि हलती केलेली ती चित्रं असतात. खरं सॉफ्टवेअर रोज आठ तास त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसासाठी बनतं. सिनेमातला स्क्रीन मात्र समोर बसलेल्या पात्रासाठी बनतच नाही, तो बनतो प्रेक्षकासाठी. त्या प्रेक्षकाला फार तर दोन-तीन सेकंद मिळतात, त्याच वेळी संवाद चालू असतो, संगीत वाजत असतं आणि त्याची नजर आधी माणसाच्या चेहऱ्याकडे जाते. एवढ्यात त्याला कळायला हवं की काय घडलं, ते चांगलं की वाईट आणि आता पुढे काय होणार. म्हणून स्क्रीन हातात घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की हा स्क्रीन नेमकं कोणतं वाक्य बोलतोय. ते वाक्य सापडेपर्यंत रंग, फॉन्ट, आलेख यांतल्या कशालाही हात लावण्यात अर्थ नसतो.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते स्टॅन्ली कुब्रिकच्या १९६८ सालच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये. यानात तीन अंतराळवीर शीतनिद्रेत असतात आणि यानाचा कम्प्युटर त्यांना मारून टाकतो. तिथे किंकाळी नाही, झटापट नाही, मरणाऱ्यांचे डोळेही उघडत नाहीत. दिसतात फक्त आलेखाच्या वरखाली होणाऱ्या रेषा आणि लुकलुकणारी अक्षरं. आधी 'कम्प्युटर मालफंक्शन', मग 'लाइफ फंक्शन्स क्रिटिकल', मग रेषा एकेक करून सपाट होतात आणि शेवटी 'लाइफ फंक्शन्स टर्मिनेटेड'. तीन खून, आणि ते सांगायला तीन ओळींचा मजकूर. यंत्राने केलेला खून यंत्राच्याच कोरड्या भाषेत सांगितल्यामुळे तो अंगावर येतो. माझ्या मते या क्षेत्रातला हा आजही सर्वोत्तम प्रसंग आहे, आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी तो आवाज बंद करून पाहायला सांगतो.

आता गंमत बघा, त्या यानात एकही खरा कम्प्युटर स्क्रीन नव्हता. सपाट दिसणाऱ्या प्रत्येक चौकटीच्या मागे १६ मिमीचा प्रोजेक्टर लपवलेला होता आणि आधी तयार करून ठेवलेली फिल्म मागून काचेवर पडत होती. ती ॲनिमेशन्स करणाऱ्यांत डग्लस ट्रम्बुल होता, तेव्हा पंचविशीही न गाठलेला. पुढे तो हॉलिवूडच्या स्पेशल इफेक्ट्समधल्या मोठ्या नावांपैकी एक झाला.

या कामाचा इतिहास असाच आहे. जे हवं ते परवडत नाही, किंवा तंत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, मग कोणीतरी हाताने ते उभं करतं. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मध्ये हल्ल्याआधी वैमानिकांना डेथ स्टारचा रेषांचा नकाशा दाखवतात. तो कम्प्युटर ॲनिमेशन करणाऱ्या लॅरी क्युबाने शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत खरोखरच कम्प्युटरवर बनवला होता. चार वर्षांनी, १९८१च्या 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क'मध्ये ग्लायडरच्या स्क्रीनवर मॅनहॅटनच्या इमारती अशाच हिरव्या रेषांत दिसतात, पण तिथे कम्प्युटर नव्हताच. इमारतींचं छोटं मॉडेल काळं रंगवलं, कडांना प्रकाश परावर्तित करणारी टेप चिकटवली आणि कॅमेरा त्यातून फिरवला, कारण कम्प्युटर ग्राफिक्सचा खर्च त्या चित्रपटाच्या आवाक्याबाहेरचा होता. प्रेक्षकाला दोन्ही ठिकाणी तेच दिसलं, म्हणजे यंत्राच्या नजरेतून दिसणारं जग.

पैशांच्या अडचणीतून उत्तम डिझाइन जन्माला येतं याचं दुसरं उदाहरण म्हणजे 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'. १९८७ साली ही मालिका सुरू झाली तेव्हा यानभर बटणं, खटके आणि दिवे बसवणं परवडणारं नव्हतं. मालिकेचा ग्राफिक डिझायनर मायकल ओकुडाने सपाट काळे पॅनेल सुचवले. त्यांवर गोल टोकांच्या, केशरी-जांभळ्या पट्ट्यांची रचना होती आणि मागून दिव्याचा उजेड. म्हणजे छापील पारदर्शक शीट आणि त्यामागे ट्यूब, एवढंच. पण त्या रचनेत एक शिस्त होती. तेच आकार, तेच रंग, तोच फॉन्ट यानाच्या प्रत्येक खोलीत दिसायचा, त्यामुळे हे जग कोणीतरी विचार करून बांधलंय यावर विश्वास बसायचा. बटणं नसलेले टचस्क्रीन आपल्या हातात यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आर्ट डिपार्टमेंटकडे पैसे कमी असतात तेव्हा मी हेच उदाहरण देतो. दहा स्क्रीन दहा तऱ्हांनी सजवण्यापेक्षा एक व्याकरण ठरवा आणि ते दहाही ठिकाणी पाळा.

सिनेमातले स्क्रीन पारदर्शक का असतात, हे मला हमखास विचारलं जातं. खऱ्या आयुष्यात आरपार दिसणारा मॉनिटर हा वैतागच, मागून जाणारा माणूस तुमच्या मजकुरात मिसळतो. पण कॅमेऱ्याला त्याचा मोठा फायदा होतो. साध्या मॉनिटरसमोर बसलेल्या नटाचा चेहरा दाखवायचा तर स्क्रीन दिसत नाही आणि स्क्रीन दाखवायचा तर नटाचं डोकं मागून दिसतं. काच मध्ये ठेवली की माहिती आणि चेहरा एकाच चौकटीत येतात. २००२च्या 'मायनॉरिटी रिपोर्ट'मध्ये टॉम क्रूझ हातमोजे घालून हवेत हात फिरवत चित्रं सरकवतो. ती हातांची भाषा एमआयटी मीडिया लॅबमधून आलेल्या जॉन अंडरकॉफ्लरने बसवली होती आणि पुढे त्याने त्याच कल्पनेवर खरी कंपनी काढली. हात तसे वर धरून पाच मिनिटं काम करून पाहा, खांदे भरून येतात. म्हणूनच ऑफिसांत ते आलं नाही. पण चित्रपटापुरतं बोलायचं तर खुर्चीत बसून माऊस हलवणाऱ्या माणसापेक्षा वाद्यवृंद चालवल्यासारखा उभा असलेला माणूस केव्हाही पाहण्याजोगा. 'आयर्न मॅन'मध्येही अडचण अशीच होती. नायकाने लोखंडी मुखवटा घातला की चेहरा गेला आणि चेहरा गेला की अभिनय गेला. मग शिरस्त्राणाच्या आतला चेहरा आणि त्याच्याभोवती तरंगणारे आकडे दाखवायची युक्ती निघाली. आपल्याला ते भविष्यातलं तंत्रज्ञान वाटतं, पण मुळात तो दिग्दर्शकाच्या अडचणीवरचा तोडगा आहे.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगतो. एक कल्पित प्रसंग घेऊ. सायबर सेलची सब-इन्स्पेक्टर बेपत्ता मुलाच्या मोबाइलवरून त्याचा ठाव शोधतेय. स्क्रिप्टमध्ये एकच ओळ असते: 'ती कम्प्युटरवर लोकेशन शोधते.' सोपा रस्ता म्हणजे फिरणारा पृथ्वीगोल, त्यावरून झूम होत येणारा सॅटेलाइट नकाशा आणि लाल ठिपका. हजार वेळा पाहिलेलं. खरं काय होतं? पोलीस मोबाइल कंपनीकडून सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद मागवतात. ती येते एक्सेलसारख्या लांबलचक तक्त्यात: कोणाला कॉल, किती वाजता, किती सेकंद, कुठला टॉवर. शोध घ्यायचा तो त्या रांगांमध्ये.

मला या तक्त्यात नाट्य दिसतं. वाइड शॉटमध्ये हजारो ओळींची दाटी, वाचता काहीच येत नाही, तेवढंच सांगायचंय की गवताची गंजी मोठी आहे. मग तिच्या खांद्यावरून शॉट. ती पहिला फिल्टर लावते, फक्त त्या रात्रीच्या नोंदी. निम्म्याहून जास्त ओळी गळतात. दुसरा फिल्टर, बारा वाजल्यानंतरचं. अजून गळतात. तिसरा, दहा सेकंदांपेक्षा छोटे कॉल. उरतात तीन ओळी. क्लोजअपमध्ये टॉवरचा रकाना दिसतो आणि तिन्ही ओळींत एकच नाव आहे: कसारा. खऱ्या एक्सेलमध्ये फिल्टर डोळ्याचं पातं लवायच्या आत लागतो. मी तो मुद्दाम अर्धा सेकंद लांबवतो आणि ओळी वरून खाली गळताना दाखवतो, कारण प्रेक्षकाला तिच्या डोक्यातला विचार पायरीपायरीने कळायला हवा. 'कसारा' हा शब्द इतर रकान्यांपेक्षा किंचित जाड असतो. कोणाच्या लक्षात येत नाही, पण नजर बरोबर तिथेच जाते. नकाशा नाही, बीप नाही, तरी प्रेक्षक पुढे सरकून बसतो. खरी कार्यपद्धती जाणून घेतली की असं काहीतरी हाती लागतंच, म्हणून स्क्रीन डिझाइन करण्याआधी ते काम करणाऱ्या माणसाशी बोलायचा माझा आग्रह असतो.

हा स्क्रीन मी एका सलग व्हिडिओत बनवत नाही, त्याचे टप्पे करतो. स्थिर अवस्था, पहिला फिल्टर, दुसरा, तिसरा आणि शेवटची थांबलेली अवस्था. प्रत्येक टप्पा हवा तितका वेळ लूपमध्ये राहू शकतो. कारण नटी प्रत्येक टेकला वेगळ्या क्षणी क्लिक करणार. एकदा संवाद आधी, एकदा क्लिक आधी, एकदा दिग्दर्शक म्हणणार, 'थोडा श्वास घे मग दाब.' सलग व्हिडिओ लावला तर ती स्क्रीनच्या मागे धावत बसते आणि अभिनय मरतो. म्हणून तिच्या माऊसच्या कुठल्याही क्लिकला पुढचा टप्पा सुरू होतो, किंवा मी सेटच्या मागे बसून दुसऱ्या कीबोर्डवरून तो पुढे नेतो. सेटवर याला प्लेबॅक म्हणतात.

टायपिंगचंही तसंच. कोणतंही बटण दाबा, स्क्रीनवर ठरलेलंच अक्षर उमटतं. ही युक्ती जुनी आहे. १९८३च्या 'वॉरगेम्स'मध्ये नायक मॅथ्यू ब्रॉडरिकसाठी असाच प्रोग्राम लिहिला होता. त्याने काहीही बडवलं तरी मजकूर बरोबर उमटायचा. त्याच चित्रपटातल्या युद्धकक्षाच्या भल्यामोठ्या पडद्यांवरची ग्राफिक्स कॉलिन कँटवेलने ह्यूलेट पॅकार्डच्या ९८४५सी कम्प्युटरवर तयार केली होती.

सेटवर स्क्रीन चालवण्यात खरी डोकेदुखी कॅमेऱ्याची असते. जुने काचेच्या नळीचे मॉनिटर सेकंदाला ५० किंवा ६० वेळा चित्र रंगवायचे आणि कॅमेरा २४ वेळा टिपायचा. दोघांचा ताल जुळला नाही की स्क्रीनवरून काळा पट्टा वरखाली सरकताना दिसतो. आजच्या सपाट स्क्रीनवर तो पट्टा कमी दिसतो, पण प्रश्न संपलेला नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे सेटवरचे काही दिवे त्या तालावर लपलपतात, तर लॅपटॉपचा स्क्रीन बहुतेक वेळा ६० हर्ट्झवर असतो. २४ फ्रेमवर शूट करताना ६० हर्ट्झच्या स्क्रीनसाठी शटर अँगल (प्रत्येक फ्रेमला शटर किती वेळ उघडं राहतं याचं माप) १४४ अंश लागतो आणि ५० हर्ट्झच्या दिव्यांसाठी १७२.८. दोन्ही एकाच वेळी मिळणार नाहीत. म्हणून शक्य असेल तिथे मी मॉनिटरच ५० हर्ट्झवर आणतो आणि मग डीओपी, म्हणजे छायालेखक, एकाच आकड्यावर निश्चिंत राहतो.

दुसरी गोष्ट ब्राइटनेसची. सेट अंधारा असला की मॉनिटर फार प्रखर दिसतो आणि कोणीतरी पटकन त्याचा ब्राइटनेस कमी करतं. बऱ्याच मॉनिटरमध्ये ब्राइटनेस कमी करणं म्हणजे मागचा दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करणं, आणि कॅमेऱ्यात लगेच पट्टे उमटतात. मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर ठेवायचा आणि ग्राफिक्सच गडद करायची, हा माझा नियम ठरलेला आहे. एका पिक्सेलच्या बारीक रेषा आणि दाट जाळ्या मी टाळतो. स्क्रीनचे पिक्सेल आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरचे पिक्सेल एकमेकांवर आले की रेशमी कापडासारख्या लाटा दिसू लागतात, त्याला मॉइरे म्हणतात. डिझायनरला आपल्या टेबलावर सुंदर दिसलेली नाजूक रेषा सेटवर घात करते.

इथेच 'सिनेमातले स्क्रीन काळे-निळे का?' याचंही बरंचसं उत्तर आहे. पांढऱ्या पानाचा स्क्रीन अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याला खिडकीसारखा फटफटीत दिसतो, त्यातला मजकूर उडून जातो आणि नटाच्या चेहऱ्यावर रुग्णालयातल्यासारखा उजेड पडतो. गडद पार्श्वभूमी हा त्यावरचा सोपा उपाय. आणि माणसाच्या त्वचेचा रंग पिवळट-केशरी छटांचा असल्यामुळे निळ्यासमोर चेहरा उठून दिसतो. पण ही पळवाट आता इतकी वापरली गेलीय की निळ्या चकत्या फिरताना दिसल्या की प्रेक्षक तो स्क्रीन वाचतच नाही. २०१७च्या 'ब्लेड रनर २०४९'साठी लंडनच्या टेरिटरी स्टुडिओने वेगळी वाट धरली. तिथल्या जगात मोठा ब्लॅकआउट होऊन जुना डिजिटल साठा नष्ट झालेला आहे, म्हणून त्यांनी भिंगं, प्रकाश आणि सेंद्रिय पदार्थ यांच्याशी खेळून धूसर, जुनाट दिसणारे स्क्रीन घडवले. कथेच्या इतिहासातून डिझाइन निघालं, म्हणून ते लक्षात राहिलं.

सेटवर प्लेबॅक चालवायचा की स्क्रीन हिरवा ठेवून नंतर व्हीएफएक्समध्ये, म्हणजे शूटनंतर कम्प्युटरवर होणाऱ्या दृश्यकामात, ग्राफिक्स बसवायची, हा वाद प्रत्येक प्रॉडक्शनमध्ये होतो. माझं मत ठाम आहे. शक्य तिथे प्लेबॅकच. नटाला बघायला खरं काहीतरी मिळतं, चेहऱ्यावर उजेड पडतो, चष्म्यात आणि डोळ्यांत प्रतिबिंब येतं. हिरव्या स्क्रीनचा हिरवा उजेड हनुवटीवरून पुसत बसणं कष्टाचं आहे, शिवाय नट हिरव्या चौकोनाकडे बघून जे भाव देतो ते हिरव्या चौकोनाचेच असतात. रिडली स्कॉटच्या २०१५च्या 'द मार्शियन'मध्ये नासाच्या नियंत्रण कक्षासह वेगवेगळ्या सेटवरचे शेकडो स्क्रीन अशाच प्रकारे सेटवर चालवले गेले होते. दुसरी बाजूही आहेच. स्क्रिप्ट शूटच्या आदल्या रात्री बदलते, एडिटमध्ये प्रसंगांचा क्रम उलटतो आणि मग स्क्रीनवरची तारीख चुकीची ठरते. म्हणून कथेला वळण देणारा क्लोजअप मी बहुतेक वेळा वेगळा इन्सर्ट, म्हणजे फक्त स्क्रीन दाखवणारा शॉट, म्हणून शेवटी शूट करायला सांगतो, एडिट जवळजवळ लॉक झाल्यावर. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात चालतं घड्याळ कधीही ठेवत नाही. एडिटर दोन टेकचे तुकडे जोडतो आणि घड्याळ सात मिनिटं मागे जातं.

मोबाइलबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण आजकाल आमचं बरंचसं काम फोनच्या स्क्रीनचं असतं आणि सगळ्यात जास्त निष्काळजीपणा तिथेच होतो. नवरा-बायकोची वीस वर्षांची संगत, आणि चॅट उघडलं तर त्यात आजचा एकच मेसेज. वर सगळं कोरं. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खोटं वाटतं. मी नेहमी वरचा इतिहास लिहितो: 'दूध आणलंस का', गॅस सिलिंडरच्या बुकिंगचा फॉरवर्ड, मिस्ड कॉल, सत्यनारायणाचं निमंत्रण. मग खाली 'मी आज घरी येणार नाही' हा मेसेज आला की त्याला वजन येतं. कोण कसं लिहितं हेही ठरवावं लागतं. आपल्याकडे बहुतेक तरुण मुलं रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात. काका बोलून टाइप करतात, म्हणून त्यांच्या मेसेजला विरामचिन्हं नसतात. आजी फक्त व्हॉइस नोट पाठवते. स्क्रीन हाही पात्रलेखनाचा भाग आहे, आणि संवादलेखकाने हे लिहून दिलं नाही तर डिझायनरने त्याच्या मागे लागून ते लिहून घ्यावं.

देवनागरी टायपिंग दाखवायचं तर आणखी काळजी लागते. इंग्रजीसाठी ॲनिमेशनमध्ये अक्षरं डावीकडून एकेक उघडली की टाइप होत असल्याचा भास होतो. तीच युक्ती 'किशोर'ला लावली की आधी नुसती वेलांटी हवेत लटकते आणि मग 'क' येतो. खरं टाइप करताना आधी 'क' उमटतो आणि मग वेलांटी उडी मारून त्याच्या डावीकडे बसते. 'प्रकाश'मध्ये आधी 'प', मग हलन्त 'प्', मग 'प्र'. त्यामुळे मी प्रत्येक बटणानंतर स्क्रीनवर काय दिसतं त्याची ओळीने यादी करतो आणि त्या अवस्था एकामागून एक लावतो. काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय निवडायचा राहिला की जोडाक्षरं फुटतात, आणि फुटलेलं 'पोलीस स्टेशन' मोठ्या पडद्यावर पाहण्याइतकं वाईट काही नाही. मराठी चित्रपटातला तलाठी कार्यालयाचा किंवा पोलीस ठाण्याचा स्क्रीन इंग्रजीत असण्याचं तर कारणच नाही, तिथला बराचसा कारभार मराठीत चालतो.

प्रेक्षक आता चित्र थांबवून वाचतात, हे धरून चालायचं. १९८४च्या 'टर्मिनेटर'मध्ये यंत्रमानवाच्या नजरेत जो कोड सरकतो तो ॲपल टू या घरगुती कम्प्युटरचा आहे, आणि लोकांनी तो शोधून काढला. उलट 'एक्स मशिना'मध्ये काही क्षण दिसणारा कोड कोणीतरी उतरवून चालवला, तर त्यातून एका पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक निघाला. ते पुस्तक चित्रपटाच्या शास्त्रीय सल्लागाराचं, मरे शानाहानचं होतं. 'ज्युरासिक पार्क'मधला तो त्रिमितीय फाइलींचा देखावा, ज्यावर लोक खोटा म्हणून हसले, तो सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवरचा खरा प्रोग्राम होता. आणि 'मेट्रिक्स रिलोडेड'मध्ये ट्रिनिटी नेटवर्कमधल्या उघड्या वाटा शोधणारं एनमॅप नावाचं खरंखुरं साधन वापरते, तेव्हा सुरक्षाक्षेत्रातल्या लोकांना कोण आनंद झाला होता. भरताड मजकूर लिहायचाच असेल तर प्रसंगाशी नातं असलेला लिहा. तेवढीच मेहनत लागते.

नंबरांच्या बाबतीत तर ही काळजी कायद्याचीही आहे. अमेरिकेत ५५५-०१०० ते ५५५-०१९९ हे फोन नंबर काल्पनिक वापरासाठी राखून ठेवले आहेत. आपल्याकडे मनाने दहा आकडे लिहिले तर ते कोणाचे तरी निघण्याची दाट शक्यता असते. २०२४च्या 'अमरन' या तमिळ चित्रपटात कागदावर दिसलेला नंबर चेन्नईच्या एका विद्यार्थ्याचा निघाला. त्याला इतके फोन आले की त्याने निर्मात्यांना नोटीस पाठवली. म्हणून एकतर प्रॉडक्शनने स्वतः सिम विकत घेऊन तोच नंबर दाखवावा, किंवा पूर्ण नंबर दिसणारच नाही असा शॉट लावावा. आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाहीत, तेव्हा खोट्या आधारसाठी तीच सुरुवात घ्यायची. गाडीला एमएच ०० लावलं तर ते कुठल्याच आरटीओचं नसतं. आयपी पत्त्यांमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या कम्प्युटरांच्या पत्त्यांमध्ये, १९२.०.२ ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठी राखीव आहेत, ते बिनधास्त वापरा. १९९५च्या 'द नेट'मध्ये पत्त्याचा एक भाग ३४५ होता. तसा पत्ता असूच शकत नाही, २५५च्या पुढे आकडा जात नाही. कोणाला त्रास होत नाही हे खरं, पण जाणकाराचा विश्वास तिथेच उडतो.

शिकायचं काय, याबद्दल. आफ्टर इफेक्ट्स (ग्राफिक्स हलती करण्याचं सॉफ्टवेअर) आणि इलस्ट्रेटर (ती काढण्याचं) यायलाच हवेत. थोडं वेब प्रोग्रामिंग आलं तर फार उपयोग होतो, कारण टप्प्यांचा प्लेबॅक ब्राउझरमध्ये सहज बनतो आणि दिग्दर्शकाने सेटवर नाव बदलायला सांगितलं तर दहा सेकंदांत बदलता येतं. पण पाया अक्षरांचा, म्हणजे टायपोग्राफीचा. जे. जे. उपयोजित कला, आयआयटी मुंबईचं आयडीसी, अहमदाबादचं एनआयडी या कला-डिझाइनच्या संस्थांत तो पक्का होतो. तिथे जाता आलं नाही तरी छापील वेळापत्रकं, रेल्वेचे आरक्षण तक्ते, हॉस्पिटलमधले मॉनिटर नीट बघत राहिलात तर बरंच हाताला लागतं. एडिटिंगही शिका, निदान एक शॉर्टफिल्म स्वतः कापा. शॉट किती वेळ टिकतो याचा अंदाज त्याशिवाय येत नाही.

आणि काम दाखवायला जाल तेव्हा नुसत्या सुंदर स्क्रीनची रील, म्हणजे कामाचे नमुने जोडलेला व्हिडिओ, नेऊ नका. फिरणाऱ्या चकत्यांच्या रीलवरून दिग्दर्शकाला काहीच कळत नाही. एखाद्या मित्राला लॅपटॉपसमोर बसवा, वर दिलेल्या सीडीआरसारखा एक प्रसंग लिहा, स्क्रीन टप्प्यांत बनवा आणि तो फोनच्या कॅमेऱ्याने वाइड, क्लोजअप, इन्सर्ट असा शूट करून तीस सेकंदांत कापा. मग ज्याला कथा माहीत नाही अशा माणसाला तो एकदाच दाखवा, आवाज बंद ठेवून, आणि काय झालं ते विचारा. त्याने बरोबर सांगितलं तर तो तुकडा रीलच्या अगदी सुरुवातीला लावा.